आबांच्या मांडीवरचे पाय

दसऱ्याला सोनं द्यायला गावातली माणसं आमच्याकडे यायची तेव्हा आबा छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, मांडी घालून, दोन्ही पाय धोतरात पक्के लपवून बसायचे. आपट्याची पानं ते दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, पण समोरचा माणूस वाकायला लागला की खांद्याला धरून त्याला वर उचलायचे.

"पाया पडू नको," ते म्हणायचे, "पाय दाखव."

नवखा माणूस गडबडून जायचा. गावातल्यांना सवय होती. ते हसत हसत एक पाय पुढे करायचे. आबा तो उजेडाकडे वळवून तळव्यावरून अंगठा फिरवायचे आणि बहुतेक वेळा त्यांना काहीतरी सापडायचंच. बाभळीचं तुटलेलं टोक, सराटा, नाहीतर कधीपासून आत राहून काळा पडलेला बोरीचा काटा.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. मुकुटबनपासून चार मैलांवर आमचं गाव. पुढे कापसाची, ज्वारीची, तुरीची वावरं आणि घरांच्या मागे लगेच जंगल. मी सांगते आहे ते छप्पन सालापासून पुढच्या नऊ-दहा वर्षांतलं. तेव्हा आमच्याकडे पायात काही घालणारी माणसं थोडी. बाकी सगळे अनवाणी, आणि जमीन काट्यांची. आबांच्या घरी चार बैल होते, शेती होती, गावात शब्दाला मान होता. पण सकाळची न्याहारी झाली की हा माणूस कमरेच्या थैलीतून एक पितळी चिमटा आणि एक दाभण काढायचा आणि दुपारपर्यंत लोकांचे काटे काढत बसायचा. शेतकरी यायचे, तांड्यावरच्या बाया यायच्या, महारवाड्यातली माणसं यायची, आणि जंगलातल्या पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, बाजाराला मोळ्या घेऊन निघालेल्या बाया यायच्या.

पाय ते मांडीवर घ्यायचे. पाटावर नाही, दगडावर नाही. "मांडीवर पाय असला म्हंजे मानूस हालत नाही," असं त्यांचं म्हणणं. मग ते भलतंच काहीतरी विचारायचे. घरची म्हैस व्याली का, विहिरीला पाणी किती. माणूस सांगायला लागायचा आणि सांगता सांगता काटा बाहेर आलेला असायचा. फार खोल असला तर रुईचा चीक लावून "परवा येजो" म्हणायचे. शेवटी बिब्बा तापवून त्याचा चटका. आमच्या छपरीला कायम बिब्ब्याचा वास यायचा. तो वास मला तेव्हा आवडत नसे. आता कुठे आला तर मी उभी राहते.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कुणी रामराम केला की आधी त्याच्या पायांकडे पाहायचे आणि मग ओळखायचे. माझी आई लग्न होऊन घरात आली तेव्हा सगळ्या बाया तिचा पदर वर करून तोंड पाहत होत्या. आबा खाली पाहत होते. "पोरीच्या टाचा फुटल्या," ते म्हणाले, "लय चालवलं वाटते हिले उन्हात." दुसऱ्या दिवशी जवसाच्या तेलात मेण वितळवून त्यांनी एक वाटी आईच्या दाराशी ठेवली. आई म्हणायची, त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा कुणी बोललं असेल तर ते आबा, आणि तेही माझ्या टाचांशी.

ज्या वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी कुणी एक साहेब पिकं पाहायला गावात आले. पाटील, कोतवाल, सगळे हात बांधून उभे. साहेब वावरातून चालताना किंचित लंगडत होते. आबा गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, जोडा काढा." पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनाही काय वाटलं कोण जाणे, ते बांधावरच्या दगडावर बसले आणि त्यांनी बूट काढला. तळाचा खिळा वर आलेला होता आणि त्याचं टोक पायात मोडलं होतं. आबांनी साहेबांचा पाय मांडीवर घेतला, टोक काढलं, मग दगडानं खिळा ठोकून बूट परत दिला. त्यानंतर वर्षभर गाव ही गोष्ट छाती काढून सांगत होतं. तोच पाय पोडावरच्या बाईचा असला की तेच गाव तोंड वाकडं करायचं. आबांना या दोन्हींतला फरक खरोखर कळत नसे असं मला वाटतं. "कायले करता हे?" असं मी एकदा विचारलं होतं. "मले काटा दिसते म्हनून," ते म्हणाले. "ज्याले दिसत नाही त्यानं दुसरं काही करावं."

माझी आत्या ही आबांची धाकटी लेक. आजी गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिची वेणी आबाच घालायचे आणि वाकडी घालायचे. ती तशीच वाकडी वेणी घेऊन गावभर हिंडायची, कुणी सरळ करायला गेलं तर डोकं मागे ओढून घ्यायची. ती अठरा वर्षांची झाली आणि कळंबकडच्या एका मोठ्या घरून तिला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. मी तेव्हा नऊ वर्षांची.

घर सारवलं, आईनं शिरा केला. आबांसाठी नवं धोतर आणलं. बाबांनी आबांच्या कमरेची थैली स्वतः सोडून घेतली. "आबा, आजचा दिवस राहू द्या हे." बाबांनी ती आतल्या कोनाड्यात ठेवली.

चौघे आले. मुलगा, त्याचे वडील, काका आणि मध्यस्थ. छपरीत सतरंजीवर बसले. आत्यानं पाणी दिलं, नाव सांगितलं, चौथीपर्यंत शिकले म्हणून सांगितलं. मग मुलाचे काका म्हणाले, "जरा चालून दाखव, बाई." आत्या दारापासून खांबापर्यंत चालत गेली आणि परत वळायच्या आधीच सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून निघून अंगणाकडे गेल्या.

अंगणाच्या तोंडाशी एक कोलाम बाई उभी होती. डोक्यावर मोळी. उजवा पाय तिनं नुसत्या टाचेवर टेकवला होता आणि तिच्या मागच्या धुळीत दर एका पावलाआड रक्ताचा डाग होता. तिला काय माहीत, आज घरात पाहुणे आहेत ते. पाहिल्याबरोबर ती मागे वळली.

"बाई, थांब," आबा म्हणाले.

बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आबा, पाहुने बसले आहेत. अर्ध्या घंट्यानं पाहा."

"पाहुने बसून आहेत," आबा म्हणाले, "थे उभी आहे."

ते उठले. आत जाऊन कोनाड्यातून थैली घेऊन आले. बाईच्या डोक्यावरची मोळी त्यांनी स्वतः उतरवली, तिला पायरीवर बसवलं, खालच्या पायरीवर स्वतः बसले आणि तिचा धुळीनं, रक्तानं भरलेला पाय नव्या धोतरावर घेतला. हिवराचा काटा होता, आत मोडलेला. बाई डोळे मिटून बसली होती. तिला मराठी फार येत नव्हतं, तरी आबा तिला विचारत होते, पोडावर यंदा मोह कसा आला.

मुलाचे काका बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या घरी हे नेहमीच असते काय?"

"नेहमी नाही," आबांनी मान वर न करता सांगितलं. "बाजाराच्या दिवशी जास्त."

आईनं चहा आणला. कुणी कप उचलला नाही. मुलाचे वडील म्हणाले, आम्ही आत्ताच घेऊन आलो. मध्यस्थानं एक घोट घेतला आणि बाकीच्यांकडे पाहून कप खाली ठेवला. "कळवतो," असं म्हणून ते गेले. बैलबंडी वळून दिसेनाशी झाली तरी आत्या खांबापाशीच उभी होती. तिला आत जा असं कुणी म्हटलं नव्हतं, बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

निरोप आठ दिवसांनी मध्यस्थाकडून आला. पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण बुढ्याच्या हाताला कसलाच विधिनिषेध नाही. ही गोष्ट आमच्या सगळ्या सोयऱ्यांत पसरली. पुढचं वर्षभर आत्यासाठी कुणी विचारायला आलं नाही. बाबा आबांशी कामापुरतं बोलायला लागले. आत्यानं तेवढंही ठेवलं नाही. ती त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, धोतर धुवायची, आणि त्यांच्यासमोरून जाताना भिंतीकडे पाहत जायची. आबा कधी कधी म्हणायचे, "बाई, इकडं ये वं जराशी." ती ऐकू न आल्यासारखी आत जायची. आबा मग थैलीतला चिमटा काढून उगाच पुसत बसायचे.

पुढच्या कार्तिकात कापसाच्या वेचणीला आत्याच्या पायात काटा मोडला. तिनं कुणाला सांगितलं नाही. ती पाय सरळ टाकून चालायचा प्रयत्न करायची, आणि गावातला कुणीही फसला असता. आबा फसले नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काटा भरला काय?"

"नाही," आत्या म्हणाली. वर्षभरात त्यांच्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

विचारल्याशिवाय कुणाच्या पायाला हात लावायचा नाही आणि नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, असा आबांचा नेम होता. दुसऱ्या दिवशी आत्या लंगडायला लागली. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजून घोट्यापर्यंत लाल झालं. आबांनी त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. चौथ्या दिवशी तिला ताप आला आणि बाबा वणीच्या दवाखान्यात न्यायला बंडी जुंपायची म्हणाले. ते बैल आणायला गेले तेव्हा दुपार होती. मी छपरीत पाटीवर बेरजा करत होते. आत्या भिंतीला धरून बाहेर आली, आबांच्या समोर बसली आणि तिनं पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

आबांनी दाभण उचललं. त्यांनी दाभण खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"मले दिसून नाही राह्यलं, बाई," ते म्हणाले.

"डोये पुसा आधी," आत्या म्हणाली.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग काम सुरू केलं. या वेळी त्यांनी म्हशीचं विचारलं नाही, विहिरीचंही नाही. आत्याच बोलली.

"त्या दिवशी तुमी म्हटलं, थे उभी आहे."

"हो."

"मी बी उभीच होती, आबा. खांबापाशी."

आबांचा हात थांबला.

"तिले बसा म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "पानी देलं असतं. माह्यासाठी थोडा दम धरता आला असता तुमाले."

"आला असता," आबा म्हणाले. "बसा म्हनता आलं असतं. मले सुचलं नाही." आणि थोड्या वेळानं, "मले फक्त तिचा पाय दिसला. तू दिसली नाही. तूच दिसाले पाह्यजे होती मले, अन् तूच दिसली नाही."

आत्यानं ओठ दाबून धरले होते. काटा निघाला तो बोटाच्या पेराएवढा होता. त्यामागून पू आला, रक्त आलं, आबांचं धोतर भरलं. बाबा बैल घेऊन अंगणात आले तेव्हा आत्या आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडत होती आणि आबा तिचे केस नीट करत होते. बाबांनी पाहिलं आणि बैल परत गोठ्याकडे नेले.

पुढच्या उन्हाळ्यात झरीकडच्या एका गावचे लोक आत्याला पाहायला यायचे होते. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. त्या दिवशी उजाडल्याबरोबर आबा घरातून नाहीसे झाले. पाहुणे यायची वेळ झाली तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून आतल्या खोलीत बसली आणि म्हणाली, "आबा छपरीत बसल्याशिवाय मी बाहेर येत नाही."

बाबा चिडले. आईनं समजावलं. आत्या हलेना. शेवटी मला वावरात पिटाळलं. आबा मोहाच्या झाडाखाली एकटे बसले होते.

"आत्यानं बोलावलं," मी म्हटलं.

"मी आलो अन् कोनी लंगडत आलं त?"

"आलं त येऊ द्या म्हने. पन पहिले त्याले बसा म्हनजा."

आबा उठले. घर येईपर्यंत ते स्वतःशीच पुटपुटत होते, "बसा म्हनतो. पानी देतो. मंग काढतो."

त्या दिवशी कुणीच आलं नाही. पाहुणे बसले, आत्या बाहेर आली, बोलणी सुरू झाली, आणि आबा आपले सारखे रस्त्याकडे पाहत होते. मुलाच्या वडिलांच्या ते लक्षात आलं. "कोनाची वाट पाहून राह्यले काय?" त्यांनी विचारलं. तेव्हा आबांनी त्यांना सगळं सांगितलं. कळंबकडचे पाहुणे, कोलाम बाई, मोडलेली सोयरीक, आत्याचा पाय, काहीही मागे ठेवलं नाही. "चूक माही होती," ते म्हणाले, "पन काटा काढला थे चूक नोती. पोरीले उभं ठेवलं थे." बाबा डोळे मिटून बसले होते. आई दाराआड थिजली होती.

मुलाच्या वडिलांनी हातातला रिकामा कप पुढे केला आणि म्हणाले, "चहा अजून असन त द्या म्हना बाईले."

आत्याचं लग्न झालं. ती तिकडे सुखात राहिली, म्हणजे सगळ्यांचं असतं तेवढ्या सुखात. माहेरी आली की तिची वेणी घालायची आबांची हौस तेव्हाही पुरी व्हायची आणि ती तशीच वाकडी वेणी घेऊन सासरी जायची.

नंतर आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दवाखान्यात चला म्हटलं की ते उद्या म्हणायचे. माणसं यायची थांबली नाहीत. आबा नुसत्या अंगठ्यानं काटा शोधायचे आणि मी त्यांच्याजवळ बसून नेम सांगायची. "माय, वर का खाली?" "वर, आबा. जरासं उजवीकडं." पुढे मी नर्सिंग शिकायला यवतमाळला गेले, त्याचं मूळ त्या दुपारींत आहे, हे मला बरंच उशिरा उमगलं. तीस-बत्तीस वर्षं मी त्या कामात होते. माझ्या हाताखालच्या मुली कंटाळायच्या तेव्हा मी त्यांना उपदेश केला नाही, मला तो जमतही नसे. मी रोग्याचा पाय नाहीतर हात उचलून मांडीवर घ्यायची आणि त्याच्या घरच्या म्हशीचं विचारायची.

आबा गेले ते मी यवतमाळला असताना, पौषात. पत्र मला चार दिवसांनी मिळालं. मी घरी पोचले तेव्हा त्यांचं बसायचं पोतं झटकून भिंतीला लावून ठेवलं होतं. आईनं मला सांगितलं, की आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी एक बाई मोळी घेऊन लंगडत आली. आबा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. त्या वेळची तीच होती की दुसरी कोणी, ते आईला सांगता आलं नाही; आबा असते तर त्यांनी पायावरून सांगितलं असतं. आई तिला म्हणाली, म्हातारे गेले, बाई. ती तशीच उभी राहिली. मग बाबा आतून बाहेर आले. सुतकातले, डोकं भादरलेले. "बसा," ते म्हणाले. पाणी मागवलं. मग चष्मा घातला, खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. आई म्हणाली, त्यांना जमत नव्हतं, खूप वेळ लागला, बाईला दुखलंही असेल. पण त्यांनी सोडलं नाही.

मला मात्र आबा आठवतात ते मुकुटबनच्या बसथांब्यावरचे. मी शिकायला निघाले त्या दिवशी आम्ही नको नको म्हणत असताना ते बाबांच्या हाताला धरून चार मैल चालत आले. गाडी यायला वेळ होता. ते माझ्या पेटीवर हात ठेवून बसले. मी खाली वाकले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच पाय ओढून घेतले नाहीत. बहुधा मी वाकलेली त्यांना दिसलीच नसेल. गाडी आली. मला मागची जागा मिळाली. बाबा पेटी टपावर चढवायला गेले आणि आबा एकटेच गाडीच्या कडेला उभे राहिले. त्यांनी हात वर केला, पण माझ्याकडे नाही. पुढून तिसऱ्या खिडकीकडे तोंड करून ते हात हलवत होते. मी ओरडले, "आबा, इकडं, मी इकडं." इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. गाडी हलली. त्या तिसऱ्या खिडकीत कोणी एक अनोळखी बाई बसली होती. तिनं आबांकडे पाहिलं, एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर हात काढून ती त्यांना हात हलवत राहिली, आबा दिसेनासे होईपर्यंत.